टॉर्पेडो लागल्यावर जहाज किती वेळ तरतं, आणि त्या वेळात माणसं का वाचत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २३ नोव्हेंबर १९४२ या एकाच दिवशी पाणबुड्यांनी दोन ब्रिटिश व्यापारी आगबोटी बुडवल्या. एक हिंदी महासागरात, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’. दुसरी अटलांटिकमध्ये, केपटाउनहून पॅरामारिबोला निघालेली ‘बेनलोमंड’. बेनलोमंड दोन मिनिटांत गेली आणि तिच्यावरच्या ५४ जणांपैकी पून लिम हा एकच चिनी खलाशी वाचला. तिलावा पहिल्या टॉर्पेडोनंतर तरंगत राहिली, जीवरक्षक बोटी सोडायला वेळ मिळाला, आणि तरीही ९५८ पैकी २८० माणसं गेली. तुम्ही विचारता की तिलावाला लागलेला टॉर्पेडो कमी ताकदीचा होता का, वेळ मिळूनही इतके लोक कसे गेले, आणि बोटीत उतरलेल्यांनी पुन्हा जहाजावर जाणं हा वेडेपणा नव्हता का.

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो, पुढे कप्तान झालो, आणि आता तरुण अधिकाऱ्यांना जहाजाचं स्थैर्य आणि जीवरक्षण शिकवतो. टॉर्पेडो लागताना मी पाहिलेला नाही. पण आत शिरलेल्या पाण्याने जहाज कसं वागू लागतं आणि कललेल्या डेकवरून बोट खाली सोडणं किती अवघड असतं, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. त्या बाजूनेच सांगतो.

माझ्या मते तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. जहाज किती वेळ टिकलं हे ठरतं कप्प्यांवर, मालावर आणि फटका कुठे बसला त्यावर. त्या वेळात किती माणसं वाचली हे ठरतं टॉर्पेडो लागण्याच्या कितीतरी आधी, बंदरात आणि पहिल्या दोन-चार दिवसांच्या प्रवासात. हे दोन हिशोब एकत्र केले की सगळा दोष एकतर टॉर्पेडोला जातो, नाहीतर माणसांच्या घबराटीला. दोन्ही चुकीचं आहे.

आधी टॉर्पेडोच्या ताकदीचं पाहू. त्या काळच्या जर्मन टॉर्पेडोत साधारण २८० किलो स्फोटकं असत. जपानी पाणबुड्यांच्या ९५ नमुन्याच्या टॉर्पेडोत ४०० किलोच्या आसपास. म्हणजे जपानी टॉर्पेडो उलट जास्तच जबर. पण साध्या मालवाहू आगबोटीच्या दृष्टीने या फरकाला फारसा अर्थ नाही. युद्धनौकेला कवच असतं, आगबोटीच्या बाजूचा पत्रा म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर पोलाद. त्याला २८० किलो पुरेसे आहेत आणि ४०० किलोही.

मी वर्गात हा हिशोब फळ्यावर मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय वेगाची कल्पना येत नाही. पाण्याच्या पातळीखाली पाच मीटरवर भोक पडलं तर पाणी सेकंदाला जवळजवळ दहा मीटर वेगाने आत येतं. भोकाच्या कडांमुळे प्रवाह आकसतो, ते धरून एका चौरस मीटरच्या भोकातून सेकंदाला सुमारे सहा टन पाणी आत येतं. तासाला वीस हजार टनांहून जास्त. आणि हे फक्त एका चौरस मीटरचं झालं. टॉर्पेडोचं भोक त्याच्या कितीतरी पट मोठं असतं. दहा चौरस मीटर उघडे पडले तर तीन हजार घनमीटरचा कप्पा मिनिटभरात पातळीपर्यंत भरतो. जहाजावरचे पंप तासाला शेकड्यांनी टन उपसतात. तेव्हा पंप लावून जहाज वाचवू, हा विचार टॉर्पेडोच्या बाबतीत मनातून काढून टाका. फुटलेला कप्पा गेला असं धरायचं. प्रश्न उरतो तो फक्त त्याच्या शेजारच्या भिंतींचा.

त्या काळची साधी आगबोट डोळ्यासमोर आणा. पुढे दोन किंवा तीन होल्ड, म्हणजे माल भरायचे कप्पे, मध्ये बॉयलर आणि इंजिन, मागे आणखी दोन होल्ड. प्रत्येकाच्या मध्ये पाणी अडवणारी आडवी पोलादी भिंत. एकच होल्ड फुटला आणि दोन्ही बाजूंच्या भिंती टिकल्या तर जहाज पुढे किंवा मागे वाकतं, पण पुष्कळदा तरतं. टॉर्पेडो नेमका भिंतीवर बसला तर दोन कप्पे एकदम उघडतात, आणि दोन कप्पे गेल्यावर तरणारी मालवाहू आगबोट त्या काळात विरळाच. फटका मागच्या होल्डला बसला तर आणखी एक धोका असतो. त्या होल्डच्या तळातून इंजिनपासून पंख्यापर्यंत दांडा नेणारा बोगदा जातो. तो फुटला आणि त्याचं दार उघडं राहिलं तर पाणी थेट इंजिनरूममध्ये. मग लागलेला कप्पा एक आणि भरलेले कप्पे दोन.

इंजिनरूम आणि बॉयलररूम हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पोकळ भाग. तिथे फटका बसला की दिवे जातात, रेडिओला मुख्य वीज मिळत नाही, आणि वाफेच्या मुख्य नळ्या फुटतात. खाली पहाऱ्यावर असलेल्या माणसांचं काय होतं ते मी लांबवत नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या कितीतरी जहाजांवर ही माणसं आपल्याकडची होती, आगवाले, तेलवाले, कोळसेवाले, त्यांचे तांडेल आणि सारंग. उभ्या पोलादी शिड्या चढून डेकवर यायला धडधाकट माणसाला शांततेतही वेळ लागतो. बेनलोमंडला एकापाठोपाठ दोन टॉर्पेडो लागले आणि बॉयलर फुटले. दोन ठिकाणी उघडलेल्या आणि मधूनच फुटलेल्या जहाजाला दोन मिनिटं लागली, यात मला नवल वाटत नाही. अशा वेळी कप्तान कितीही चांगला असला तरी करण्यासारखं काहीच उरत नाही. जो त्या क्षणी डेकवर, अंगात जीवरक्षक जॅकेट घालून होता त्यालाच संधी होती. पून लिमने जॅकेट घेतलं आणि उडी मारली.

आता मालाचा भाग. तो लोक सहसा विचारात घेत नाहीत आणि माझ्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी खनिजाची जहाजंही चालवली आहेत आणि लाकडाचीही. लोहखनिज एक टन म्हणजे अर्ध्या घनमीटरहूनही कमी. त्यामुळे खनिजाने पूर्ण भाराला आलेलं जहाज आतून पाहिलं तर होल्ड बराचसा रिकामा दिसतो, तळाशी ढीग आणि वर नुसती हवा. जहाज वजनाने आधीच खोल बसलेलं आणि पाणी शिरायला जागा मात्र भरपूर. अटलांटिकमध्ये खनिजाची जहाजं मिनिटा-दोन मिनिटांत गेली, ती याच कारणाने. लाकडाचं उलट. होल्ड ओंडक्यांनी आणि फळ्यांनी गच्च भरलेला असेल तर पाण्याला जागाच उरत नाही, शिवाय लाकूड स्वतः तरतं. अशी जहाजं टॉर्पेडो खाऊनही दिवसच्या दिवस पाण्याच्या पातळीशी लोंबकळत राहिल्याची उदाहरणं आहेत. नौदलांनी ताब्यात घेऊन तोफा चढवलेल्या काही प्रवासी जहाजांच्या होल्डांत मुद्दाम रिकामी, बंद पिंपं भरली जात. त्यामागचं कारणही हेच.

तिलावाबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिच्यावरच्या चांदीवर घसरतात. २,३६४ चांदीच्या विटा, दक्षिण आफ्रिकेसाठी निघालेल्या, २०१७ मध्ये समुद्रतळावरून काढलेल्या, आणि त्यावरून थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला, ज्याचा निकाल २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. विषय मोठाच आहे. पण दहा हजार टनी जहाजाच्या स्थैर्यात साठ टन चांदीला काहीही स्थान नाही. ती तिथे नसती तरी त्या रात्रीचं काही बदललं नसतं. महत्त्वाचं हे की तिलावा प्रवासी आणि माल दोन्ही नेणारी, १९२४ साली बांधलेली आगबोट होती. प्रवासी जहाजाचे कप्पे सहसा मालवाहू जहाजापेक्षा जवळजवळ असतात. पहिल्या टॉर्पेडोनंतर ती उभी राहिली यावरून एवढं नक्की दिसतं की शेजारच्या भिंतींनी आपलं काम केलं.

पण नुसतं तरणं पुरत नाही, सरळ तरावं लागतं. परातीत पाणी घेऊन चालताना ते एका बाजूला गेलं की परात हातातून कलंडू पाहते. अर्धवट भरलेल्या कप्प्यातलं पाणी जहाजाला तेच करतं. जहाज थोडं कललं की पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. म्हणूनच काही जहाजं तळाशी जाण्याआधी कुशीवर पडतात. आणि कल आला की बोटींची बाजू बिघडते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजाचं आहे. ७ मे १९१५, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, जर्मन यू-२० पाणबुडीचा एकच टॉर्पेडो, उजव्या बाजूला. तिच्या कोळशाच्या कोठ्या बाजूंना लांबलचक होत्या, त्यामुळे पाणी एकाच बाजूला भरलं आणि जहाज उजवीकडे जबर कललं. उजवीकडच्या बोटी जहाजापासून इतक्या लांब झुलू लागल्या की डेकवरून त्यांच्यात पाय ठेवता येईना. डावीकडच्या बोटी आत, डेकवर झुकल्या आणि खाली सोडताना जहाजाच्या बाजूवर घासत गेल्या. त्यात जहाज थांबत नव्हतं. वाफेचा दाब गेल्याने इंजिन उलटं फिरवून वेग मारता येईना, आणि चालत्या जहाजावरून सोडलेली बोट पाण्याला लागताच उलटते. ४८ बोटींपैकी धडपणे पाण्यात उतरल्या त्या फक्त सहा. जहाज १८ मिनिटांत गेलं आणि सुमारे १,२०० माणसं मेली. बोटी सगळ्यांना पुरतील एवढ्या होत्या. ‘टायटॅनिक’नंतर सगळ्यांनी बोटींची संख्या मोजायला सुरुवात केली, पण संख्या आणि पाण्यात उतरणाऱ्या बोटी हे दोन वेगळे आकडे आहेत, हे लुसिटानियाने दाखवून दिलं.

मी आजही जहाजावर गेलो की आधी बोटी पाहतो. दोर रंगाने चिकटलेत का, कप्पीत ग्रीस आहे का, तळाची बुचं जागेवर आहेत का, पुढचा दोर जहाजाच्या पुढच्या बाजूला बांधलेला आहे का. अंधारात बोट खाली सोडताना दोन्ही टोकांचे दोर सारख्या वेगाने सुटले नाहीत तर बोट एका टोकावर उभी राहते आणि आतली माणसं समुद्रात सांडतात. सराव केलेल्या माणसांच्या हातूनही हे होऊ शकतं. मग रात्रीच्या अंधारात, कुठली बोट आपली हे ठाऊक नसलेल्या, कडेवर मूल आणि हातात बोचकं घेतलेल्या शेकडो लोकांकडून काय अपेक्षा करायची?

इथे मला मनापासून बोलायचंय. तिलावाच्या वाचलेल्यांच्या आठवणींत पहिल्या टॉर्पेडोनंतरच्या घबराटीचा उल्लेख येतो, आणि पुढे तो वाचणारे म्हणतात की लोकांनी डोकं ठिकाणावर ठेवलं असतं तर वाचले असते. हे मला पटत नाही. घबराट हा माणसाचा स्वभावदोष नाही. आपण कुठे जायचं, कोणाच्या मागे जायचं, बोटीत आपली जागा आहे की नाही, हे माहीत नसलं की कोणीही धावतो. मी शिकवताना अनुभवी खलाशांनासुद्धा अंधार करून सराव करायला लावतो. पहिल्या वेळी चांगली माणसंही चुकीच्या दारातून बाहेर पडतात. दुसऱ्या वेळी चुकत नाहीत. फरक धैर्याचा नसतो, एकदा केलेल्या सरावाचा असतो. तिलावा २० नोव्हेंबरला मुंबईहून निघाली आणि २३ च्या पहाटेआधीच तिला टॉर्पेडो लागला. जहाजावर ७३२ प्रवासी होते. तीन दिवसांत इतक्या प्रवाशांच्या अंगी सराव बाणेल, अशी अपेक्षा मी तरी कुठल्याही कप्तानाकडून करणार नाही.

आता परत जहाजावर जाण्याबद्दल. आम्ही शांततेच्या काळात शिकवतो की जहाज हीच सगळ्यात चांगली जीवनौका. जोवर ते तरतंय तोवर सोडू नका. छोटी बोट भर समुद्रात दिसत नाही, जहाज दिसतं. जहाजावर पाणी, अन्न, औषध, रेडिओ, आडोसा सगळं असतं. आग किंवा उलटण्याची भीती नसेल तर मी स्वतःही लोकांना जहाजावरच ठेवीन. युद्धातही या नियमाने माणसं आणि जहाजं वाचली आहेत. ५ नोव्हेंबर १९४० रोजी ‘सॅन डेमेट्रिओ’ हे तेलवाहू जहाज जर्मन युद्धनौकेच्या तोफांनी पेटलं. खलाशी बोटीत उतरले. दोन रात्री समुद्रात काढल्यावर त्यांच्यातल्या काहींना तेच जहाज पुन्हा दिसलं, अजून पेटतं. ते वर चढले, आग विझवली, इंजिन चालू केलं आणि जहाज तेलासकट स्कॉटलंडच्या क्लाइड नदीपर्यंत आणलं.

फरक इतकाच की तोपर्यंत मारणारा तिथून निघून गेला होता. पाणबुडी निघून जातेच असं नाही, आणि ती आहे की गेली हे वरून कळत नाही. जहाज एका टॉर्पेडोने बुडालं नाही तर थोडं थांबून दुसरा मारायचा, ही पाणबुड्यांची नेहमीची पद्धत होती. त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर १९४२ ला, मुंबईहून निघून केपटाउनमार्गे चाललेल्या ‘सिटी ऑफ कैरो’चंही असंच झालं. जर्मन पाणबुडी यू-६८ च्या कप्तानाने पहिल्या टॉर्पेडोनंतर वाट पाहिली आणि मग दुसरा सोडला. तिलावाच्या बाबतीत जपानी आय-२९ ने तेच केलं. जहाज सरळ उभं होतं, लोक परत वर येत होते, आणि दुसरा टॉर्पेडो आला.

मग निर्णय चुकीचा होता का? परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी टाळाटाळ करतोय असं समजू नका. भर रात्री, किनारा शेकडो मैल लांब, बोटी खचाखच भरलेल्या, काही माणसं पाण्यात, आणि समोर दिवसभर तरू शकेल असं जहाज. त्या जागी उभा असतो तर परत चढण्याचा मोह मलाही झाला असता. माझ्या दृष्टीने योग्य मार्ग असा: बोटी जहाजापासून दोन-तीनशे मीटरवर, फटका न बसलेल्या बाजूला, एकमेकींना बांधून ठेवायच्या. जहाज दिसत राहील इतक्या जवळ, आणि ते बुडालंच तर त्याच्या ओढीत किंवा दुसऱ्या स्फोटात सापडणार नाही इतक्या लांब. उजाडल्यावर काही स्वयंसेवक वर पाठवायचे, प्रवासी नाहीत. पण हे मी निवांत बसून सांगतोय. ज्यांनी अंधारात वेगळं ठरवलं त्यांना वेडं म्हणायची माझी तयारी नाही.

तिलावाच्या दोन गोष्टी मात्र नीट झाल्या, आणि ९५८ पैकी ६७८ वाचले ते त्यामुळेच. पहिली, हाक बाहेर पोचली. त्या काळी पाणबुडीचा हल्ला झाला की रेडिओ अधिकारी नेहमीच्या संकटसंदेशाऐवजी ‘एस’ हे अक्षर पुन्हा पुन्हा पाठवून आपली जागा कळवत. तिलावाचा मुख्य रेडिओ अधिकारी शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि जहाजाबरोबर गेला. २५ नोव्हेंबरला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश क्रूझर तिथे पोचली, तिने ६७४ जणांना उचललं, ‘कार्थेज’ या दुसऱ्या जहाजाने आणखी चौघांना. २७ तारखेला ते मुंबईत परत आले. दुसरी गोष्ट समुद्राची. ती जागा सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, विषुववृत्ताच्या जवळ. तिथलं पाणी उबदार असतं, त्यात माणूस तासन् तास तग धरू शकतो. हेच अटलांटिकच्या उत्तर भागात हिवाळ्यात झालं असतं तर ६७८ हा आकडा शक्यच नव्हता.

त्याची साक्ष ‘गेरसोप्पा’ देते. कलकत्त्याहून चहा, कच्चं लोखंड आणि चांदी घेऊन निघालेली ही आगबोट कोळसा कमी पडल्याने ताफा सोडून एकटी आयर्लंडकडे वळली, आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये यू-१०१ ने तिला एका टॉर्पेडोने बुडवलं. सुमारे वीस मिनिटं मिळाली. एका बोटीत ३१ जण होते, त्यातले २३ आपले खलाशी. बोटीत सुखरूप उतरलेली माणसं ती. पण थंडी, ओले कपडे आणि तहान यांनी एकेक करून मरत गेली. तेरा दिवसांनी बोट इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागली तेव्हा मोजकेच जण जिवंत होते, आणि फुटणाऱ्या लाटांतून जिवंत किनाऱ्यावर पोचला तो फक्त सेकंड ऑफिसर.

म्हणून बोटीत बसलं म्हणजे वाचलं असं नसतं. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश नियमात बोटीत माणशी सव्वा लिटरसुद्धा पाणी नसे. युद्धाच्या अनुभवाने ते जवळजवळ तिप्पट केलं गेलं. आम्ही आज शिकवतो तेही त्याच अनुभवातून आलंय: पहिले चोवीस तास जखमी आणि आजाऱ्यांखेरीज कोणाला पाणी नाही, नंतर माणशी दिवसाला अर्धा लिटर, आणि समुद्राचं पाणी थेंबभरही नाही. खारं पाणी पिणारा माणूस जितकं पितो त्याहून जास्त पाणी ते मीठ बाहेर टाकण्यात घालवतो, मग भ्रमिष्ट होतो. पून लिमने तराफ्यावरचं पाणी मोजून प्यायलं, कॅनव्हासवर पाऊस धरला, टॉर्चच्या तारेचा गळ करून मासे पकडले, आणि १३३ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी त्याला उचललं. असं पुन्हा कोणाला जमेल म्हणून मी हे सांगत नाही. पाणी मोजून वापरणं किती दिवस देऊ शकतं एवढंच त्यातून घ्यायचं.

दिशेचा निर्णयही माणसं मारतो किंवा तारतो. सिटी ऑफ कैरोच्या बोटी सेंट हेलेना या अथांग समुद्रातल्या एवढ्याशा बेटाकडे निघाल्या. काही बोटी तेराव्या दिवशी एका ब्रिटिश जहाजाला सापडल्या. एक बोट बेट चुकलं असं समजून ब्राझीलकडे वळली, आणि ५१ व्या दिवशी ब्राझीलच्या नौदलाने तिच्यातून दोघांना जिवंत काढलं. शिडाच्या बोटीतून, नीट साधनांशिवाय, बेट गाठायला जाणं मी शक्यतो टाळीन. लांबचा असला तरी लांबच लांब किनारा चुकत नाही. पण तो किनारा दोन हजार मैलांवर असेल तर हा नियमही कोलमडतो, तेव्हा वापरात असलेल्या जहाजमार्गावर थांबणं बरं.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे कायद्यात बसत होतं का. नाही. १९३६ च्या लंडन कराराने पाणबुड्यांवर बंधन घातलं होतं की प्रवासी आणि खलाशी सुरक्षित जागी पोचवल्याशिवाय व्यापारी जहाज बुडवायचं नाही, आणि किनारा किंवा दुसरं जहाज जवळ नसेल तर जहाजाच्या बोटी ही सुरक्षित जागा मानायची नाही. जर्मनी आणि जपान दोघांनी तो मान्य केला होता. दुसरीकडे व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या गेल्या होत्या, पाणबुडी दिसताच रेडिओवर कळवायचा आदेश होता, त्यामुळे पाणबुडीवाले तो पाळणं स्वतःला जीवघेणं मानत. नियम कागदावर राहिला. आय-२९ बद्दल आपल्या वाचकांना एक गोष्ट माहीत असावी म्हणून सांगतो: तिलावा बुडवल्यावर पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ जर्मन यू-१८० वरून नेताजी सुभाषचंद्र बोस यांना घेणारी पाणबुडी हीच. जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडी ‘सॉफिश’ने तिला फिलिपिन्सच्या उत्तरेला बुडवलं.

यापुढे अशा कुठल्या जहाजाची नोंद वाचायला घ्याल तर टॉर्पेडोचं वजन शोधत बसू नका. आधी पाहा की जहाजात माल काय होता, फटका कुठल्या होल्डला की इंजिनरूमला बसला, आणि एक कप्पा फुटला की दोन. मग पाहा की जहाज कुठल्या बाजूला कललं, फटक्यानंतर ते चालू होतं की थांबलं होतं, किती बोटी प्रत्यक्ष पाण्यात उतरल्या, आणि संकटसंदेश कोणी ऐकला. पाण्याचं तापमान नोंदीत नसेल तर महिना आणि जागा यावरून अंदाज येतो. एवढं हाती असेल तर पुन्हा विचारा, त्या जहाजाचा हिशोब आपण एकत्र मांडू.